दीड वीत रबर

ब्रेकमध्ये जे घालतात त्याला आपल्याकडे सगळे 'ब्रेक ऑइल' म्हणतात. दुकानदार म्हणतो, गॅरेजवाला म्हणतो, मीसुद्धा म्हणतो. पण ते तेल नव्हे. आजचं ब्रेक ऑइल हे ग्लायकॉल जातीचं रसायन असतं, पाण्यात सहज मिसळतं, आणि त्यात थोडं जरी इंजिन ऑइल गेलं तरी आतली रबरं फुगून सगळ्या ब्रेकची वाट लागते. मग हे 'ऑइल' आलं कुठून?

तर मंडळी, जुन्या काळी त्यात चक्क एरंडेल असायचं! लहानपणी आजीने नाक दाबून पाजलेलं तेच ते. सुरुवातीच्या काही दशकांत मोटारींच्या ब्रेकमध्ये एरंडेल आणि अल्कोहोल यांचं मिश्रण घालत. त्या काळचं रबर म्हणजे झाडाच्या चिकाचं. खनिज तेल लागलं की ते फुगतं, मऊ पडतं. एरंडेल मात्र त्याला मानवतं. एकटं एरंडेल फार दाट, म्हणून ते पातळ करायला अल्कोहोल. पण अल्कोहोल लवकर उकळतं. लांबलचक उतारावर ब्रेक तापले की नळीत वाफ धरायची, आणि वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. म्हणजे पाय दाबतोय, पेडल खाली जातंय आणि गाडी आपली चाललीच आहे. पुढे ग्लायकॉल आलं, एरंडेल गेलं. नाव तेवढं उरलं.

हे सगळं उकरून काढायला निमित्त झालं घरच्या पद्मिनीचं. नातेवाईक मंडळींना ती माहीत आहेच, बरेच जण तिच्यात बसून ओकलेही आहेत. ब्लॉगवरच्या मित्रांसाठी सांगतो. १९८६ सालची, बाबांनी घेतलेली, आणि गेली बरीच वर्षं अलिबागच्या घरी पडवीला लागून असलेल्या शेडमध्ये राहणारी प्रीमियर पद्मिनी. चालते. कागदपत्रंही चालू आहेत. आता डिसेंबरात पुण्याच्या भाऊदादाच्या मुलाचं लग्न आहे, आणि नवरा-नवरीने पुण्याहून अलिबागला याच गाडीतून यायचं असा घरातल्या बायकांचा ठराव झालाय. (ठरावावर माझं मत मागवलं नव्हतं.) म्हणजे बोरघाट उतरायचा. मागे नवी जोडी, पुढे माझ्या शेजारी आई, आणि गाडीच्या पोटाखाली ब्रेकच्या तीन रबरी नळ्या, ज्या कधी बदलल्या होत्या ते घरात कोणालाच सांगता येईना. बाबांच्या वहीत २००३ साली 'ब्रेक काम' अशी एक नोंद आहे. त्या कामात नळ्या होत्या की नुसते लायनर, कोण जाणे.

ज्यांनी गाडीखाली कधी डोकावलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या द्रवाला ढकलतो. तो दाब पोलादी नळ्यांतून चाकापर्यंत जातो, तिथला छोटा सिलिंडर ब्रेकचे शू ड्रमवर दाबतो. द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो हे फ्रान्सच्या पास्कलने सांगितलं, त्याचा तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली छापला गेला. इंग्लंडात ब्रामाने १७९५ साली त्यावर दाबयंत्राचं पेटंट घेतलं. इथपर्यंत सगळं स्थिर आहे. पण मोटारीचं चाक स्थिर नसतं. खड्ड्यात जातं, वर येतं, पुढची तर डावी-उजवीकडे वळतातही. पोलादी नळीला असं रोज वाकवलं तर ती चार दिवसांत तुटेल. म्हणून अगदी शेवटच्या टप्प्यात, सांगाडा आणि चाक यांच्या मधल्या हवेत, एक लवचीक नळी लटकवावी लागते. पद्मिनीला पुढे दोन आणि मागे एकच, कारण मागचा आस अखंड आहे, त्याच्यापर्यंत एक नळी पोचली की पुढे आसावरून पुन्हा पोलादी नळ्या जातात. तीन नळ्या, प्रत्येकी साधारण दीड वीत. बाकी सगळी वाट पोलादाची, आणि हे एवढं तुकडं रबर आणि सुताच्या विणीचं.

आता एक विचित्र गोष्ट. आगगाडीलाही दोन डब्यांच्या मध्ये ब्रेकची रबरी नळी असते. ती तुटली तर गाडी थांबते. मोटारीची तुटली तर मोटार थांबत नाही! दोन्ही नळ्याच, दोन्ही रबराच्याच, आणि वागणं बरोबर उलटं. हे असं का, याचा मी या महिन्यात बराच शोध घेतला, आणि मला वाटतं ब्रेकच्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ साली आगगाडीसाठी हवेच्या दाबाचा ब्रेक काढला. पहिल्या रचनेत ड्रायव्हर इंजिनातून हवा सोडायचा आणि ती नळ्यांमधून डब्यांपर्यंत जाऊन ब्रेक लावायची. म्हणजे नळी तुटली की ब्रेक गेला. आपल्या मोटारीसारखंच. मग १८७२ च्या सुमारास त्याने सगळं उलटं केलं. प्रत्येक डब्याखाली हवेची स्वतःची टाकी ठेवली, आणि नळीत दाब कायम भरलेला ठेवला. दाब आहे तोवर ब्रेक सुटलेला, दाब गेला की ब्रेक लागलेला. आता नळी तुटो, डबा सुटो, परिणाम एकच, गाडी उभी. आपण साखळी ओढतो तेव्हाही हेच होतं. साखळीच्या दुसऱ्या टोकाला कोणी बसलेलं नसतं, तिथे फक्त एक झडप उघडते. आपल्याकडच्या गाड्यांना बरीच वर्षं निर्वाताचे म्हणजे व्हॅक्यूम ब्रेक होते, तिथे झडपेतून हवा आत शिरायची, एवढाच फरक.

हे तत्त्व कळायला मात्र माणसं मरावी लागली. आयर्लंडात आर्मा गावाजवळ १२ जून १८८९ रोजी एक सहलीची गाडी चढावर अडकली. गाडीत मुलंच जास्त. गाडी दोन भागांत नेऊ असं ठरवून मागचे डबे सोडवले. ब्रेक होते व्हॅक्यूमचेच, पण साध्या जातीचे, इंजिनाशी जोड तुटली की निकामी होणारे. डबे उताराने मागे घरंगळत गेले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ऐंशीच्या आसपास माणसं गेली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कायदा झाला: प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारेच ब्रेक हवेत. बोरघाटातून आगगाडीने गेलेल्यांना आठवत असेल, उतरताना गाडी मधेच कुठेतरी थांबते, लोक वैतागतात, खिडकीतून माकडं बघतात. तो ब्रेक तपासणीचा थांबा असतो.

मग मोटारीने हा शहाणपणा का उचलला नाही? कारण आगगाडीत ताकद यंत्राची आहे, पंप सतत चालू, टाक्या भरलेल्या. मोटारीत ताकद आहे आपल्या पायाची. पाय दाबत नाही तोवर नळीत दाबच नाही. जो दाब मुळात नाहीच तो गेला तर कळणार कसं आणि कोणाला? लहान गाडीत पंप आणि टाक्या बसवणं महाग आणि जड. मोठ्या ट्रक-बसनी पुढे हवेचे ब्रेक घेतले, मोटार मात्र पायावर राहिली.

मोटारीच्या ब्रेकची सुरुवात तशी साधीच. पहिल्या मोटारींना ब्रेक असायचे ते बहुतेक मागच्या चाकांनाच. पुढच्या चाकांना ब्रेक हवा हे कळत सगळ्यांना होतं, कारण थांबताना भार पुढे येतो. पण वळणाऱ्या, उडणाऱ्या चाकापर्यंत लोखंडी दांडा किंवा तार न्यायची कशी? नेली तरी चाक वळवल्यावर ब्रेक आपोआप लागायला नको, आणि चारी चाकांवर जोर सारखा पडायला हवा. एक दांडा जरा ताणलेला आणि दुसरा सैल असला की गाडी एका बाजूला फेकली जायची. काही कंपन्यांनी हे दांडे-तारांनी जमवलंही, पण सारखी जुळवाजुळव करत बसावं लागे. लोकांनाही भीती होती. चारी चाकांना ब्रेक असलेली गाडी फार पटकन थांबते आणि मागचा येऊन धडकतो, म्हणून इंग्लंडात काही मालक मागे लाल त्रिकोण लावून इशारा देत. अमेरिकेत १९२३ साली रिकनबॅकर कंपनीने चारी चाकांचे ब्रेक दिले, तेव्हा प्रतिस्पर्ध्यांनी ते धोक्याचे आहेत असा प्रचार केला होता.

यावर उपाय काढला माल्कम लॉकहीडने. विमानवाले लॉकहीड ते हेच, दोघे भाऊ. आडनावाचं मूळ स्पेलिंग वेगळं होतं, लोक भलताच उच्चार करत म्हणून ते बदललं. माल्कमने १९१७ साली द्रवाच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. द्रवाला दांड्यासारखं सरळ जावं लागत नाही, तो कोपऱ्यातून वळतो, आणि चारी चाकांना दाब सारखा वाटतो. जुळवाजुळव नको. १९२१ साली ड्यूझेनबर्ग कंपनीच्या गाडीने फ्रान्समधली ग्रां प्री शर्यत जिंकली, तिला चारी चाकांना असे ब्रेक होते, आणि त्याच वर्षी त्यांची रस्त्यावरची गाडीही याच ब्रेकसह आली. पण ती श्रीमंतांची. सामान्यांपर्यंत हे आलं वॉल्टर क्रायस्लरमुळे. १९२४ च्या क्रायस्लर सिक्सला चारी चाकांना द्रवाचे ब्रेक होते. लॉकहीडच्या रचनेत आतली सील चामड्याची होती, ती गळायची. क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी तिथे रबर आणलं. १९२८ ची प्लिमथ ही स्वस्त गाडी, तिलाही हेच ब्रेक.

आणि हेन्री फोर्ड? तो ऐकेचना. बाकीचे एकेक करून द्रवावर गेले तरी फोर्डच्या गाड्यांना दांडे आणि तारा. जाहिरातीत सांगायचे की आमच्याकडे पेडलपासून चाकापर्यंत पोलाद आहे. १९३९ सालच्या गाड्यांना कुठे द्रवाचे ब्रेक आले. मोटारीच्या इतिहासाची पुस्तकं या हट्टाला हसतात. मी पूर्वी हसलो असतो. पण गाडीखाली उताणं झोपून, टॉर्चच्या उजेडात ती काळी नळी बघताना वाटलं की म्हाताऱ्याच्या म्हणण्यात काहीतरी होतं. दांडा गंजला तर दिसतो. तार झिजली की तिचे एकेक धागे तुटलेले दिसतात. आणि एक तार तुटली तरी बाकीच्या उरतात. द्रवाच्या ब्रेकमध्ये चार चाकांचं नशीब एकाच पाण्याला बांधलंय, आणि नळी आतून कशी आहे हे बाहेरून बघून कळत नाही. फोर्ड चुकला तो एवढ्यासाठीच, की रोजच्या थांबण्यात द्रवाचा ब्रेक इतका सरस होता की त्यापुढे ही शंका कोणी ऐकून घेईना.

याच १९३९ मध्ये आपले वालचंद हिराचंद अमेरिकेत होते. सोलापूरचा हा माणूस, जहाजं झाली, आता मोटार कारखाना काढायचा होता. फोर्डशी बोलणं झालं पण जमलं नाही, मग क्रायस्लरशी करार झाला. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली, आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ जुळवल्या जाऊ लागल्या. म्हणजे ज्या घराण्याने द्रवाचा ब्रेक लोकांपर्यंत नेला त्याच घराण्याच्या गाड्या कुर्ल्याला तयार झाल्या! पुढे फियाट आली. १९५४ पासून ११००, मग १९६४ ची डिलाइट, तीच नाव बदलत १९७४ च्या सुमारास पद्मिनी झाली.

इटलीत फियाटने ही ११०० डी गाडी १९६६ साली बंद केली. आपल्याकडे ती २००० च्या सुमारापर्यंत निघत राहिली. परवाना राज्य, वर्षानुवर्षांची वेटिंग लिस्ट, स्पर्धा नाही, मग बदलायचं कशाला? या साचलेपणाला लोक प्रेमाने 'मजबूत गाडी' म्हणतात. मीही म्हणतो, बाबा तर म्हणायचेच. पण मधल्या काळात जगात एक महत्त्वाची गोष्ट घडली होती, ती तिच्यापर्यंत फार उशिरा पोचली. १९६२ साली अमेरिकेत कॅडिलॅक आणि अमेरिकन मोटर्सने मास्टर सिलिंडरचे दोन खण केले. एक खण दोन चाकांना, दुसरा उरलेल्या दोघांना. एक नळी फुटली तर अर्धा ब्रेक तरी शाबूत. १९६८ पासून अमेरिकेत ते सक्तीचं झालं. आगगाडीचं 'तुटलं तर थांबेल' मोटारीला जमलं नाही, पण 'तुटलं तरी अर्धं उरेल' एवढं जमलं.

आमच्या १९८६ च्या गाडीचं मास्टर सिलिंडर एकाच खणाचं आहे. तीनपैकी कुठलीही नळी फुटली की चारी चाकांचा ब्रेक जातो. उरतो हँडब्रेक, तो तारेचा, फक्त मागच्या चाकांना. घाटात, चार माणसं बसलेली असताना त्याने काय होणार ते न सांगितलेलं बरं.

अमेरिकेत नळ्यांसाठीही वेगळं मानक आहे. त्यात नळीला दर चौरस इंचाला ४००० पौंड दाब दोन मिनिटं सोसावा लागतो आणि त्याच्याही बऱ्याच वर गेल्याशिवाय फुटायचं नसतं. एका यंत्रावर तिला सलग ३५ तास गरगर झोके देतात. आणि नळीच्या अंगावर लांबीच्या दिशेने समोरासमोर दोन रेघा हव्यात. मला ही रेघांची कल्पना फार आवडली. बसवताना नळीला पीळ पडला तर रेघ मळसूत्रासारखी फिरलेली दिसते, न पडला तर सरळ. आतलं न दिसणारं दाखवायची एवढीच सोय, पण कोणीतरी विचार करून ठेवलेली.

आमच्या नळ्यांना रेघा वगैरे काही राहिलं नव्हतं. मागची वाकवून बघितली तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा. पुढच्या दोन्हींची लोखंडी टोकं समुद्राच्या हवेने फुगून पापुद्रे धरलेली. या गंजाचं एक वाईट असतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. टोकाची पकड आतल्या आत रबराला आवळत जाते आणि आधीच बारीक असलेलं भोक आणखी बारीक होतं. गेल्या पावसाळ्यात पेणला जाऊन आलो तेव्हा पुढचं डावं चाक हात लावू नये इतकं तापलं होतं आणि ब्रेक सोडल्यावरही गाडी डावीकडे ओढत होती. पाय दाबतो तेव्हा जोर असतो, द्रव त्या चिंचोळ्या भोकातून पुढे जातो. सोडल्यावर परतायला जोर कोणाचा? फक्त शूच्या स्प्रिंगचा. तो पुरत नाही. नळी झडपेसारखी वागायला लागते. नाक्यावरच्या मिस्त्रींना हे लक्षण सांगितल्यावर त्यांनी चाकाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "पाइप बसलाय आतून." चाळीस वर्षं याच गाड्या हाताखालून गेलेला माणूस. त्यांचा मुलगा मोबाइलच्या दुकानात आहे.

नळ्या मिळवणं हा एक वेगळाच अध्याय. मुंबईत 'अस्सल जुना माल' म्हणून पुडक्यात बांधलेल्या मिळतात, पुडकंसुद्धा पिवळं पडलेलं. अस्सल असतीलही. पण रबर दुकानाच्या फळीवरही म्हातारं होतंच. आम्ही जुन्यांची लांबी आणि आटे मोजून नव्या बनवून घेतल्या, दाब तपासून, बनवल्याचा महिना-वर्ष छापलेल्या.

दिवाळीच्या सुट्टीत काम काढलं. मदतीला लेक, वय वर्षं सोळा. आदल्या दोन संध्याकाळी प्रत्येक जोडावर गंज सोडवणाऱ्या तेलाची धार धरली, पण रबराला लागू न देता. सकाळी मागच्या चाकांना उटी लावली, पुढची बाजू जॅकने उचलून फणसाच्या लाकडाचे ठोकळे दिले. (जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. हे मी लेकीला तीनदा सांगितलं, चौथ्यांदा तिने मला सांगितलं.) पोलादी नळीचा नट साध्या पान्ह्याने सोडवायला गेलं की त्याचे कोपरे गोल होतात आणि मग रडत बसावं लागतं. त्यासाठी नटाला जवळजवळ सगळीकडून धरणारा, एका जागी फट असलेला रिंग पान्हा येतो. दुसऱ्या पान्ह्याने नळीचं टोक घट्ट धरायचं, नाहीतर नटाबरोबर पोलादी नळीही पिळली जाते आणि एका नळीचं काम चार नळ्यांवर जातं. ही पोलादी नळीही बघण्यासारखी असते बरं का. तांब्याचा मुलामा दिलेली पातळ पोलादी पट्टी दोन वेढे गुंडाळून, तापवून एकजीव केलेली. डेट्रॉइटच्या बंडी नावाच्या माणसाच्या कंपनीची ही करामत, अजून लोक तिला बंडी ट्यूब म्हणतात.

उजवीकडची नळी अर्ध्या तासात निघाली. डावीकडच्या जोडाने दुपारचे दोन वाजवले. तापवायचं नाही, कारण शेजारी ब्रेक ऑइल आणि रबर. ठोकायचं नाही. थोडं घट्ट, थोडं सैल, पुन्हा तेल, पुन्हा चहा. शेवटी 'कुर्र' असा आवाज करून सुटला तेव्हा आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय मोडलं?"

नवी नळी बसवताना आधी चाकाकडचं टोक, तांब्याचं नवं वायसर घालून. मग वरचं टोक कंसात, पीळ न पडेल असं. मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघायचं की नळी टायरला किंवा स्प्रिंगला कुठे घासत तर नाही ना. तिन्ही बसल्यावर हवा काढायची. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. लेक पेडलवर, मी चाकापाशी. "दाब. धर. सोड." "दाब. धर. सोड." आधी चहासारखा तपकिरी द्रव आला, मग बुडबुडे, मग स्वच्छ. हा द्रव हवेतली ओल ओढून घेतो. डॉट ३ दर्जाचा ताजा द्रव निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळायचा नसतो, ओल धरल्यावर हीच मर्यादा १४० वर येते. कोकणात समुद्रापासून चार घरं आत राहणाऱ्यांनी याचा हिशेब आपापला करावा. डबाही सीलबंदच घ्यावा, अर्धा उरलेला पुढच्या वर्षी वापरू नये. आणि रंगावर सांडला तर ताबडतोब पाण्याने धुवावा, पुसत बसू नये, रंग पोपडे धरतो.

संध्याकाळी लेक म्हणाली, आता पेडल दगडासारखं लागतंय. तिला मी तसंच पूर्ण जोराने दाबून धरायला लावलं, सावकाश साठ आकडे मोजले, आणि टॉर्च घेऊन सगळ्या जोडांवर बोट फिरवलं. सगळं कोरडं. मग अंगणात, मग गल्लीत, मग दुसऱ्या दिवशी कार्लेखिंडीपर्यंत जाऊन आलो. चारी चाकं हाताला सारखीच कोमट.

जुन्या नळ्या फेकल्या नाहीत. तिन्ही उभ्या चिरल्या. चिरा पडलेली मागची नळी आतून बरीच ठीक निघाली. पुढची उजवी बाहेरून त्यातल्या त्यात धड होती, तिच्या आतलं रबर विणीपासून सुटून पापुद्र्यासारखं लोंबत होतं. आणि ज्या डावीवर आम्ही सगळं खापर फोडत होतो तिच्यात गंजाच्या टोकापाशी सुई जेमतेम जाईल एवढं भोक उरलं होतं. बाबा २०११ च्या मेमध्ये आम्हा सगळ्यांना घेऊन हीच गाडी आंबेनळी घाटातून महाबळेश्वरहून उतरवत होते, हे आठवलं आणि मी त्या तुकड्यांपाशी जरा बसून राहिलो. वहीतलं ते 'ब्रेक काम' लायनरचंच होतं, असं आता मला वाटतं. लेकीने वहीत आज नीट लिहिलंय: तीन नळ्या, त्यांचा छापील महिना-वर्ष, द्रवाचा दर्जा, तारीख. खाली स्वतःची सही ठोकलीय.

मास्टर सिलिंडरची रबरं अजून बाकी आहेत, ती पुढच्या आठवड्यात. मिस्त्री येऊन एकदा सगळं बघून जातो म्हणालेत.

भाऊदादा, हे वाचत असशील तर गाडी लग्नाला येते आहे. घाट मी स्वतः उतरवणार, दुसऱ्या गिअरमध्ये, सावकाश. मागे कितीही हॉर्न वाजले तरी मुलांना आधीच सांगून ठेव, घाई करायची नाही. फुलांच्या माळा चाकांच्या आसपास बांधू देऊ नकोस. आणि तुझ्या त्या डेकोरेशनवाल्याला स्पष्ट सांग, गाडीखाली काहीही अडकवायचं नाही.